दोन षटकांच्या मध्ये

१९९६ चा विश्वचषक सुरू झाला तेव्हा रमजानचे शेवटचे दिवस चालू होते. भारताचा पहिला सामना १८ फेब्रुवारीला कटकला, केनियाशी, आणि तोही भर दिवसा. आम्ही तेव्हा अकरावीत. यंदा एकही रोजा सोडायचा नाही, या हट्टाला पेटलेलो. जोहरची नमाज आटोपून टीव्हीसमोर बसावं, तर सहा चेंडू झाले की पडद्यावर बर्फात खुपसलेली बाटली. तिच्या अंगावरून थेंब ओघळतायत, कुणीतरी मान मागे टाकून घटाघटा पितोय. पुन्हा सहा चेंडू, पुन्हा बाटली. सचिनने त्या दिवशी नाबाद १२७ धावा केल्या, पण आमच्या लक्षात राहिली ती तहान. अब्बांनी आतल्या खोलीतून विचारलं, "क्रिकेट चाललंय की सरबताचं दुकान?"

त्या स्पर्धेचं अधिकृत शीतपेय कोका-कोला होतं. पेप्सीच्या हातून तो मान गेला, तेव्हा त्यांनी गेलेल्या मानाचीच टर उडवली. 'नथिंग ऑफिशियल अबाउट इट' म्हणजे आमच्यात अधिकृत काही नाही, हीच आमची ऐट! सोळा वर्षांच्या वयाला बंडखोर जवळचा वाटणारच. आम्हीही मनाने पेप्सीच्या बाजूचे झालो. घरात दोन्ही येत नव्हतं हा भाग वेगळा. आमच्या दस्तरखानावरचं अधिकृत पेय रूह अफ्जा, आणि त्यासाठी कुणा खेळाडूने मान मागे टाकायची गरज नव्हती.

तेव्हापासून एक खोड लागली. सामना कोण जिंकलं ते विसरतो, दोन षटकांच्या मधलं मात्र आठवतं. पुढच्या महिन्यात, ७ फेब्रुवारीपासून, टी-ट्वेंटीचा विश्वचषक आपल्याकडे आणि श्रीलंकेत होतोय. त्यातही अर्ध्यावर रमजान लागेल. म्हणून या वेळी पुस्तकं आणि परीक्षा बाजूला ठेवून आमच्या आवडत्या जाहिरातींबद्दल लिहावं म्हटलं. लिहायला बसलो आणि लक्षात आलं की सगळ्याच काही हसण्यावारी नेण्यासारख्या नाहीत.

पण आधी त्या १९९६ मधलंच एक सांगायचं राहिलं. त्या विश्वचषकाचं नावच मुळी एका सिगारेटवरून होतं, विल्स वर्ल्ड कप. तेव्हा कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. त्या स्पर्धेत सर्वांत जास्त, ५२३ धावा ज्याने केल्या, त्या सचिनच्या बॅटवर मात्र एकही स्टिकर नव्हतं. कोरी बॅट. आम्हाला वाटायचं, बिचाऱ्याकडे कुणी कंपनी आली नसेल! पुढे कळलं की तंबाखू आणि दारूची जाहिरात करणार नाही, असा शब्द त्याने वडिलांना दिलेला होता. अब्बांना क्रिकेटचं काडीचं वेड नव्हतं. मिडविकेट म्हणजे काय ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. पण ही गोष्ट समजल्यावर सचिन खेळायला आला की ते पेपर खाली ठेवून बघायचे. नंतर दक्षिण आफ्रिकेचा हाशिम अमला आला. त्यांच्या संघाचा प्रायोजक बिअरचा ब्रँड, सगळ्यांच्या शर्टावर त्याचं चिन्ह, अमलाच्या शर्टावर नाही. अब्बांच्या यादीत दुसरं नाव चढलं.

२००३ च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिराती बंद झाल्या. मग तंबाखू इलायची होऊन आली आणि दारू सोडा होऊन. मोठमोठे नट दाणेदार इलायचीचं कौतुक करतात तेव्हा आमची सातवीतली मुलंसुद्धा एकमेकांकडे बघून हसतात. ज्याला फसवायचं त्यालाच सगळं ठाऊक आहे, आणि जाहिरात तरी चालूच आहे. त्यावर शाई किती घालवायची!

त्याच काळातली कॅडबरीची जाहिरात तुम्हालाही आठवत असेल. फलंदाज नव्याण्णववर, षटकार जातो, आणि प्रेक्षकांतली एक मुलगी पहारेकऱ्याला हुलकावणी देऊन मैदानात धावत सुटते, नाचते. पियूष पांडे यांची ती कल्पना. ते स्वतः राजस्थानकडून रणजी खेळलेले. गेल्या ऑक्टोबरमध्ये ते गेले तेव्हा सगळ्यांना आधी हीच जाहिरात आठवली. आमच्या दादीला ती मुलगी अजिबात पसंत नव्हती. "बेशरम" म्हणायची. पण जाहिरात लागली की तिचं तांदूळ निवडणं थांबायचं, आणि मुलगी पहारेकऱ्याच्या हाताखालून निसटली की दादीच्या तोंडून नकळत "निकल गई!" असं बाहेर पडायचं. आम्हाला नाचाचं फारसं काही नव्हतं. आमचं लक्ष असायचं त्या मोकळ्या हिरव्या मैदानाकडे. आमच्या गावातल्या मैदानाच्या कडेने आम्ही रोज शाळेला जायचो. आत पाऊल टाकल्याचं आठवत नाही. टाकू नको असं कुणी म्हटलं नव्हतं. तसं म्हणायची वेळच कधी आली नाही.

२०२१ मध्ये तीच जाहिरात उलटी करून आली. बॅट मुलीच्या हातात, आणि मैदानात नाचत येतो तो मुलगा. आम्ही ती बघताना डोळे पुसले, तर आमच्या धाकटीने विचारलं, "अम्मी, यात रडण्यासारखं काय आहे? मुली खेळतातच की." तिला जुनी ठाऊकच नव्हती. जुनी दाखवली, तर म्हणाली, "ही पण खेळायचं सोडून नाचतेय का?" गेल्या २ नोव्हेंबरला नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा रात्री बारा वाजता आमच्या घरात कोण नाचलं ते लिहिणार नाही. मुलीने तंबी दिली आहे.

१९९९ चा विश्वचषक इंग्लंडमध्ये होता आणि आमच्या घरात तो बिस्किटांच्या पुड्यांतून आला. 'ब्रिटानिया खाओ, वर्ल्ड कप जाओ'. पुड्यांच्या वेष्टनांवर धावा छापलेल्या. शंभर धावा जमल्या की एक पुस्तिका मिळायची, तिच्यात खरवडायचं, नशीब असेल तर थेट इंग्लंड. धाकट्या भावाने गल्ली पालथी घातली. चहाच्या टपरीवाल्याशी दोस्ती केली, लग्नघरातल्या कचऱ्यातून वेष्टनं उचलली. अब्बा दोन दिवस बघत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "हा जुगार तर नव्हे?"

घरात शांतता. भावाच्या हातात ब्याऐंशी धावा.

अब्बांनी असरनंतर मौलाना साहेबांना विचारलं. मौलाना साहेब हसले म्हणे. म्हणाले, बिस्कीट खायला घेतलंत, नेहमीचीच किंमत दिलीत, पोटात गेलं, तर वर जे मिळालं ते बक्षीस. पण वेष्टनासाठीच बिस्कीट घेत असाल, तर नियत एकदा तपासून बघा. अब्बांनी घरी येऊन डबा उघडला. आत अकरा पुड्यांची बिस्किटं, वेष्टनाविना, उघडी, मऊ पडलेली. त्यानंतर पंधरा दिवस आम्ही सकाळ-संध्याकाळ बिस्किटं खाल्ली, आमची नियत साफ होईपर्यंत! पुस्तिका मिळाली, खरवडलीही. खाली काय निघालं ते आता आठवत नाही. इंग्लंड निघालं नाही एवढं नक्की.

आता आमची सर्वांत लाडकी. २००९ मध्ये लोकसभेच्या निवडणुकांमुळे आयपीएल दक्षिण आफ्रिकेत गेली. त्याच वर्षी डाव मध्यावर थांबवून साडेसात मिनिटांची विश्रांती सुरू झाली. नाव डावपेचांचं, धंदा जाहिरातींचा. पण त्या वर्षी लोक विश्रांतीची वाट बघत, कारण व्होडाफोनचे झूझू. पांढरेशुभ्र, अंड्यासारखं डोकं, काडीसारखे हातपाय, बोलणं म्हणजे नुसते चित्कार. तीसेक जाहिराती होत्या, जवळजवळ रोज नवी. आम्ही शाळेत पैज लावून सांगायचो की ही संगणकावर काढलेली चित्रं आहेत. हरलो. ती खरी माणसं होती, त्यांत बायकाच जास्त. केपटाऊनला त्यांना पांढऱ्या कापडात शिवून, डोक्यावर तो मोठा गोळा बसवून चित्रीकरण केलेलं.

आमच्या सासूबाईंना, अम्मीजानना, तेव्हाच कमी ऐकू येऊ लागलं होतं. लिहिता-वाचता येत नाही, हिंदी मालिकांतलं निम्मं कळत नाही. टीव्हीसमोर त्या बसायच्या ते फक्त माणसांत बसावं म्हणून. आणि या जाहिरातींत ऐकण्यासारखं काही नव्हतंच! घरातल्या सगळ्यांच्या आधी त्या हसायच्या. फोनवरच्या कसल्या सेवेची जाहिरात आहे हे आम्हाला शेवटची ओळ वाचून कळायचं. अम्मीजानना ते कधीच कळलं नाही, आणि त्यांचं त्यावाचून काही अडलंही नाही. आत बायका आहेत असं आम्ही त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं, तेव्हा बराच वेळ टीव्हीकडे बघून म्हणाल्या, "पर्दा करना तो ऐसा!" ते आमच्या घरात अजून चालू आहे.

याच सदरात पुढचं लिहावं की नाही, यावर दोन दिवस घालवले.

२०१५ चा विश्वचषक ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये होता. स्टार स्पोर्ट्सने 'मौका मौका' आणली. पाकिस्तानातला एक तरुण १९९२ मध्ये फटाके घेतो, भारताला विश्वचषकात हरवलं की वाजवायचे म्हणून. १९९६, १९९९, २००३, २०११. दर वेळी भारत जिंकतो, फटाक्यांचं खोकं परत वर जातं. तरुणाचा बाप्या होतो, मुलगा होतो, खोकं तसंच. त्यावर कव्वालीच्या ढंगाचं गाणं. जाहिरात म्हणून ती उत्तम होती, हे आजही कबूल करू. त्या माणसाची कीव येते, त्याच्यावर राग येत नाही. नट भारतीयच. आम्ही घरात हसलो, शिक्षकांच्या खोलीत हसलो. चाल अशी तोंडात बसली की पेपर तपासतानाही गुणगुणायचो.

१५ फेब्रुवारीला, रविवारी, ॲडलेडला भारत ७६ धावांनी जिंकला. सोमवारी आठवीच्या वर्गात हजेरी घेताना एका मुलाचं नाव पुकारलं आणि मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, "मौका". वर्ग खदखदून हसला. तो मुलगाही हसला. सगळ्यांत मोठ्याने तोच हसला. वर्गात तीन मुसलमान मुलं होती, त्यांतला हा क्रिकेटचा वेडा, विराटचं चित्र वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला. आम्ही "शांत बसा" म्हणालो आणि पुढचं नाव घेतलं. तो महिनाभर 'मौका' होता. मैदानात, डबा खाताना, सायकल लावताना. दर वेळी हसत होता, म्हणून आम्हाला वाटलं, चेष्टा आहे, मुलं करतातच.

मार्चमध्ये पालकांच्या सभेला त्याची आई आली. गुण बघितले, उठली, पुन्हा बसली. म्हणाली, "मॅडम, आता मॅच लागली की हा टीव्ही बंद करतो. आपला देश खेळत असला तरी. विचारलं तर काही बोलत नाही." मग थोड्या वेळाने, आमच्याकडे न बघता, "तुम्हीपण ते गाणं म्हणता म्हणाला."

उत्तर सुचलं नाही. आम्ही त्याच्या धर्माचे, त्याच्या मोहल्ल्याच्या पलीकडच्याच गल्लीत राहणारे. निदान आम्ही तरी समजून घेऊ, असं त्याला वाटलं असणार. दुसऱ्या दिवशी वर्गात बोलायचं होतं, नाही बोललो, कारण सुरुवात स्वतःपासून करावी लागली असती. त्याच्या दुसऱ्या दिवशी बोललो. स्वतःपासूनच सुरुवात केली. ते गाणं आम्हीही म्हणत होतो, हसतही होतो, आणि ज्या माणसावर हसत होतो तो या वर्गात बसलेला नाही, मग त्याचं नाव इथल्या कुणाला का, असं विचारलं. मुलं वाईट नव्हती. मागच्या बाकावरचा तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, मला वाटलं त्यालाही आवडतं."

जाहिरात करणाऱ्यांच्या डोक्यात आमचा आठवीचा वर्ग नव्हता, हे मान्य. त्यांनी खोकं आणि फटाके विकले नाहीत, सामना विकला. पण तीस सेकंदांची गोष्ट पडद्यावरून उतरून कुणाच्या बाकावर जाऊन बसते, ते तिच्या मालकाच्या हातात राहत नाही. पुढे २४ ऑक्टोबर २०२१ ला दुबईत पाकिस्तान पहिल्यांदाच विश्वचषकात भारताविरुद्ध जिंकला, तोही दहा गडी राखून. अकरा जण हरले आणि समाजमाध्यमांवर शिव्या पडल्या एकट्या मोहम्मद शमीला, त्याच्या धर्मावरून. विराट कोहली कर्णधार होता, तो शमीच्या पाठीशी उघड उभा राहिला. कोहलीचं ते बोलणं आम्हाला पाठवलं आमच्या त्याच मुलाने, तेव्हा तो कॉलेजात होता. सोबत काही लिहिलं नव्हतं. मॅच बघू लागला आहे एवढं कळलं.

त्याच वर्षी राहुल द्रविड ट्रॅफिकमध्ये अडकून चिडतो, बॅटने दुसऱ्याच्या गाडीचा आरसा फोडतो, ती क्रेडची जाहिरात आली होती. आमच्या मुख्याध्यापकांचा स्वभाव द्रविडसारखा शांत. आठवडाभर सगळे शिक्षक त्यांच्याकडे बघून घाबरल्यासारखं करत होते. असंही निर्मळ हसता येतं.

गेली काही वर्षं आयपीएल आणि रमजान एकत्र आले. इफ्तार, मगरिब, नाणेफेक, असा क्रम. पुरुष तरावीहला गेले की रिमोट आमच्या हाती. तेव्हा पाहिलं की दोन षटकांच्या मध्ये आता बाटली कमी आणि 'आपला संघ बनवा' जास्त. खेळाडू निवडा, थोडे पैसे लावा, लाखो जिंका. मोठमोठे खेळाडू आणि नट हेच सांगायचे. त्यांच्यासाठीही नियम होता: डिसेंबर २०२० पासून जाहिरात मानक परिषदेने ठरवलं की यात पैशाची जोखीम आहे, सवय लागू शकते, ही सूचना पडद्यावर दिसायला हवी आणि नेहमीच्या वेगाने वाचलेली हवी. अठरा वर्षांखालच्या मुलाला जाहिरातीत दाखवायचं नाही. पण दाखवायचं नाही ते पडद्यावर. पडद्यासमोर कोण बसलंय, ते कोण बघणार?

समोर बसला होता आमचा एक दहावीतला विद्यार्थी. ॲप कुठलं तरी छोटं होतं, मित्राने आईच्या फोनवर टाकून दिलेलं. एकोणपन्नास रुपयांपासून सुरुवात. रमजान संपता संपता आईने ईदच्या कपड्यांसाठी खात्यात ठेवलेले पैसे बघितले, तर चार हजारांपैकी दोनशे उरलेले. त्याला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, हा जुगार नाही, स्किल आहे. टीव्हीवर सांगतात." आणि तो खोटं बोलत नव्हता. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अशा खेळाला कौशल्याचा खेळ मानलं होतं. आता कायद्याची भाषा दहावीच्या मुलाला काय उलगडून सांगणार? आम्हाला त्या वेळी अब्बांचा बिस्किटांचा डबा आठवला. त्याला एवढंच विचारलं, "हरलास तेव्हा हातात काय उरलं?" म्हणाला, "काही नाही." म्हटलं, आमच्या भावाच्या हातात निदान अकरा पुडे बिस्किटं उरली होती. तो हसला नाही. त्याने ती ईद जुन्या कपड्यांत केली, आणि त्याच्या बहिणीनेही. बहिणीचं त्याला जास्त लागलं.

गेल्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी आणली. भारतीय संघाच्या जर्सीवर अशाच एका कंपनीचं नाव होतं. ते गेलं, आणि सप्टेंबरच्या आशिया चषकात आपली मुलं छातीवर कुठल्याच प्रायोजकाचं नाव नसलेली जर्सी घालून खेळली. एवढी निळी जागा मोकळी बघून आम्हाला एकदम सचिनची कोरी बॅट आठवली. अर्थात त्याने ती स्वतःहून कोरी ठेवली होती आणि ही जर्सी कायद्याने कोरी झाली. फार दिवस राहिलीही नाही, टायरची कंपनी आली. टायरचं काही नाही. टायर कुणी ईदच्या पैशांतून घेत नाही!

आता फेब्रुवारीत पुन्हा सगळं सुरू होईल. धाकटीने कागदावर सामन्यांच्या वेळा आणि शेजारी इफ्तारच्या वेळा लिहून फ्रीजवर लावल्यात. अम्मीजान आता नव्वदीच्या जवळ आल्या आहेत. ऐकणं जवळजवळ बंद, पण डोळे शाबूत. काल तो कागद बघून त्यांनी विचारलं, क्रिकेट येणार का? मान हलवून हो म्हटलं. मग दोन्ही हात डोक्याभोवती गोल फिरवून, अंड्यासारखा आकार दाखवत विचारलं, "वो लोगां आएंगे क्या?"